सीडी४ तपासणी : निपाणीचे संकलन केंद्र आणि बेळगावची प्रयोगशाळा

आमच्या घरातील एका एचआयव्हीबाधित व्यक्तीची सीडी४ तपासणी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी, अलीकडे पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा करून घ्यावी लागली. पहिल्यांदा रक्त दिले ते निपाणीतील एका खासगी प्रयोगशाळेच्या संकलन केंद्रात, आणि दुसऱ्यांदा त्याच प्रयोगशाळेच्या बेळगावातील मुख्य शाखेत. पैसे दोन्ही वेळा तेवढेच पडले, प्रत्येकी पंधराशे रुपये. तपासणारे यंत्रही एकच होते, कारण निपाणीत घेतलेले रक्त शेवटी बेळगावलाच जाते. आकडे मात्र आले २१४ आणि ३४१. हा फरक कोठून आला याचा शोध घेताना या सेवेचे जे गुणदोष ध्यानात आले ते येथे नोंदवीत आहे. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांना निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडून बेळगावला रक्ताच्या नळ्या पाठवाव्या लागतात, त्यांनी नाव कोणतेही असले तरी हेच प्रश्न विचारावेत.

आधी हे मान्य करतो की पहिली तपासणी आमच्या उतावळेपणामुळे झाली. औषध सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून विनामूल्य मिळते, उपचार सुरू करताना तेथेच सीडी४ मोजले होते (तेव्हा ते १८२ होते), आणि पुढची मोजणी सहा महिन्यांनी होईल असे तेथील डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले होते. पण तीन महिने झाले, वजन थोडे वाढले, तोंडातला पांढरा थर गेला, आणि घरातल्यांना वाटू लागले की आता आकडाही वाढला असणार, तो एकदा डोळ्यांनी पाहावा. शिवाय ‘त्या’ केंद्राच्या रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही धास्ती होतीच. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या आमच्या गावाला हा आजार काही नवा नाही. बेळगाव जिल्ह्याचे नाव एकेकाळी एचआयव्हीचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत घेतले जाई. तरीही आजाराचे नाव उच्चारायची वेळ आली की माणसे अजून इकडेतिकडे पाहूनच बोलतात.

या तपासणीत नेमके काय मोजतात हे कळल्याशिवाय सेवा चांगली की वाईट हे ठरवता येत नाही, म्हणून थोडे विषयात शिरतो. पस्तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे ही सवय सुटत नाही. सीडी४ हे पेशीचे नाव नव्हे. ते आपल्या काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या एका प्रथिनाचे, म्हणजे एका ग्राहीचे (रिसेप्टरचे) नाव आहे. पेशींच्या अंगावरील अशा खुणांना जगभर एकच क्रमांक असावा म्हणून १९८२ साली पॅरिसच्या बैठकीत ‘सीडी’ ही क्रमवारी सुरू झाली आणि तोपर्यंत टी४ म्हणून ओळखले जाणारे हे प्रथिन सीडी४ झाले. ते प्रामुख्याने मदतनीस टी पेशींवर असते. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशींवरही ते कमी प्रमाणात आढळते. त्याचे चार भाग मण्यांसारखे एकापुढे एक पेशीच्या बाहेर आलेले असतात आणि लहानशी शेपटी आत राहते. शरीरात शिरलेल्या जंतूचा तुकडा दुसरी एखादी पेशी एमएचसी वर्ग २ या प्रथिनाच्या पकडीत धरून टी पेशीला दाखवते. टी पेशीचा मुख्य ग्राही तो तुकडा पारखत असताना सीडी४ त्या पकडीलाच बाजूने धरतो आणि आतल्या शेपटीला जोडलेल्या एलसीके या विकराला कामाला लावतो, म्हणजे बाहेरची ओळख पटल्याची वर्दी आत पोहोचते. प्रतिकाराची पुढची सारी यंत्रणा या वर्दीवर हलते.

एचआयव्ही नेमका हाच दरवाजा वापरतो. १९८४ साली लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की विषाणू पेशीत शिरताना सीडी४लाच धरतो. विषाणूच्या बाहेरील आवरणावरचे जीपी१२० हे प्रथिन सीडी४च्या टोकाच्या पहिल्या मण्याला चिकटते. पण तेवढ्याने दार उघडत नाही; सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एक जोडग्राहीही लागतो, आणि ही दुसरी किल्ली हाती यायला १९९६ साल उजाडले. ज्यांना सीसीआर५ जनुकातील ३२ अक्षरांची तूट आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेली असते त्यांच्या पेशींत बहुतेक प्रकारचा एचआयव्ही शिरू शकत नाही. असे लोक प्रामुख्याने उत्तर युरोपात आढळतात, आपल्याकडे ही तूट फार विरळा आहे. हे लिहिण्याचे कारण असे की केंद्रातल्या एका गृहस्थांनी ‘काही जणांना हे होतच नाही म्हणे’ असे सांगून आमच्या माणसाला उगाच घोर लावला होता.

तर प्रयोगशाळा मोजते ते हे : एका घनमिलिमीटर रक्तात सीडी४ धारण करणाऱ्या टी पेशी किती आहेत. निरोगी प्रौढात हा आकडा साधारण ५०० ते १५०० असतो. २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या संधिसाधू संसर्गांचा धोका बराच वाढतो. मोजणीसाठी सीडी४लाच चिकटणारी प्रतिपिंडे घेतात, त्यांना चमकणारे रंग लावलेले असतात; रंगवलेल्या पेशी एकेरी रांगेने लेसर किरणासमोरून जातात आणि यंत्र चमक पाहून त्यांची नोंद करते. विषाणू ज्या खुणेवरून पेशी हेरतो त्याच खुणेवरून यंत्रही ती हेरते, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी चकित करते. मात्र रक्तातली साखर मोजणे आणि ही मोजणी यांत मोठा फरक आहे. येथे जिवंत पेशी धडधाकट अवस्थेत यंत्रापर्यंत पोहोचायला हव्यात. शिरेतून सुई निघाल्यापासून यंत्र सुरू होईपर्यंत त्या नळीचे काय होते, हाच या सेवेचा खरा कस आहे, आणि आमच्या केंद्राचे पाऊल तेथेच घसरले.

शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास आम्ही केंद्रात पोहोचलो. जागा स्वच्छ, पंखे चालू, पिण्याचे पाणी भरलेले, सुया समोर फोडलेल्या. रक्त घेणाऱ्या मुलीचा हात इतका हलका की आमच्या माणसाने मान वळवली तेवढ्यात काम झाले होते. जांभळ्या टोपणाची नळी तिने आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट केली, तीही हिसके न देता, हे मी मुद्दाम पाहिले आणि मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. पुढच्याच क्षणी ती नळी साखर, थायरॉइड आणि काय काय अशा इतर नळ्यांसोबत थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांवर आडवी झाली. सीडी४चा नमुना खोलीच्या तापमानात ठेवायचा असतो, तो शीतकपाटात किंवा बर्फात ठेवायचा नसतो. मी तसे म्हणालो तेव्हा उत्तर मिळाले, “काका, सगळं सॅम्पल असंच जातंय की ओ.” त्या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तिला जेवढे शिकवले तेवढे ती बिनचूक करीत होती.

त्यापेक्षा जास्त बोचली ती पावती घेतानाची गोष्ट. काउंटरवरचा मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला, दहावीत तिसऱ्या बाकावर बसणारा, स्वभावाने भला. मला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि दहा-बारा माणसे बसलेल्या त्या खोलीत मोठ्याने विचारले, “सर, ते सीडी फोरचं तुमचंच हाय काय ओ?” खोलीतील निम्म्या लोकांना सीडी फोर म्हणजे काय हे माहीत नसेल, उरलेल्या निम्म्यांना ते पुरते माहीत असावे, कारण कोपऱ्यातल्या एका बाईंनी मोबाइलवरची नजर काढून आमच्याकडे पाहिले. “होय, माझंच,” असे मी म्हणालो आणि विषय संपवला. या वयात माझ्याविषयी कोणाला काय वाटायचे ते वाटू दे, पण माझ्याजागी पंचविशीची एखादी एकटी मुलगी असती तर तिने काय म्हणायचे होते? २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड न करण्याचे बंधन त्यात आहे. तपासणीचे नाव खोलीत पुकारणे हे त्या बंधनाच्या किती जवळ जाते, याचा विचार केंद्र चालवणाऱ्यांनी करायचा आहे. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे, पण त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही.

मराठीचा प्रश्नही येथेच सांगून टाकतो. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. कन्नडविषयी माझी तक्रार नाही, मला ते वाचता येते. पण ज्याचे रक्त घेत होते त्याला दोन्ही लिपींतले काही समजत नव्हते आणि सही त्याची हवी होती. मराठीत होते ते फक्त माहितीपत्रक, आणि ते वाचून हसावे की कपाळाला हात लावावा हे कळेना. भाषांतर कोणी यंत्रावर केले असावे. ‘विषाणू यजमानाच्या कक्षात प्रवेश करतो’ असे त्यात छापले आहे. पेशीचा कक्ष झाला हे एकवेळ चालेल. पण याच पत्रकात सीडी४ ३५० च्या खाली आल्यावर औषध सुरू करतात असेही लिहिले आहे, आणि हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भारतात १ एप्रिल २००४ रोजी मोफत औषधोपचार सुरू झाला तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे ठरवण्यात सीडी४ २०० च्या खाली आहे की नाही याला मोठे महत्त्व होते. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वर नेली गेली. आणि २०१७ पासून धोरण असे आहे की संसर्ग आढळला की सीडी४ कितीही असो, औषध द्यायचे. आकडा ६०० आहे म्हणून ‘अजून वेळ आहे’ असे समजून एखादा माणूस हे पत्रक वाचून घरी बसला, तर त्याचे होणारे नुकसान भरून निघणार नाही. हे पत्रक केंद्राने तातडीने मागे घ्यावे.

अहवाल सोमवारी संध्याकाळी मोबाइलवर आला. दिलेल्या वेळेच्या आत आला, मांडणी नेटकी होती, आणि एका गोष्टीचे श्रेय प्रयोगशाळेला द्यायलाच हवे : नमुना घेतल्याची आणि बेळगावात मिळाल्याची अशा दोन्ही वेळा त्यावर छापलेल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी त्या नसतात. घेतला शनिवारी १२.४० ला, मिळाला सोमवारी ९.५० ला. मध्ये रविवार गेला होता. म्हणजे नळीने बर्फाच्या खोक्यात पंचेचाळीस तास काढले होते. नमुना अठ्ठेचाळीस तासांच्या आत तपासायचा हा नियम कागदावर पाळला गेला, आणि तेवढाच पाळला गेला. आकडा २१४. तीन महिने नेमाने गोळी घेऊन १८२ वरून २१४, हे पाहून आमच्या माणसाचा चेहरा जो उतरला तो सांगण्यासारखा नाही. रात्री जेवला नाही. अहवालाखाली मात्र लाल चौकटीत ‘आपली रोगप्रतिकारशक्ती कमी आहे’ असे वाक्य आणि त्याखाली जीवनसत्त्वांच्या तपासण्यांचे सवलतीतले पॅकेज घेण्याचे बटण होते. घाबरलेल्या माणसाला त्याच पानावर गिऱ्हाईक करणे मला शोभणारे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रातील डॉक्टरबाईंना अहवाल दाखवला. आधी दोन वाक्ये ऐकून घ्यावी लागली, ती आमच्या हक्काचीच होती. मग त्यांनी आकड्यावर बोट न ठेवता त्याच्या शेजारच्या रकान्यावर ठेवले. तेथे सीडी४ची टक्केवारी होती, १८. उपचार सुरू होताना ती १६ होती. “अहो सर, हे वाढतंय बघा,” त्या म्हणाल्या, “आकडा हलतो, टक्का सहसा एवढा हलत नाही.” घरी येऊन मी गणित मांडले. या प्रयोगशाळेत यंत्र सीडी४ची फक्त टक्केवारी काढते आणि एकूण लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीडी४ पेशी त्यांतल्याच) किती हे दुसऱ्या, साध्या रक्तगणनेच्या यंत्रावरून घेते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे अहवालातला आकडा. ११९० चे १८ टक्के, म्हणजे २१४. टक्केवारी ठीक असली तरी शिळ्या, गारठलेल्या रक्तात साधी रक्तगणना चुकली की गुणाकारही चुकतो. काही ठिकाणी नळीत मोजलेल्या संख्येचे सूक्ष्म मणी टाकून एकाच यंत्रावर थेट आकडा काढतात. ती पद्धत असेल तर ही अडचण कमी होते. आकडा थेट काढता की गुणाकाराने, हाच काउंटरवर तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न असावा, जरी पहिल्या खेपेस तो ऐकून समोरचा माणूस तुमच्याकडे बावचळून पाहणार असला तरी.

दुसरी तपासणी खरे तर गरजेची नव्हती, आणि डॉक्टरबाईंनी ती करू नका असेही सांगितले होते. सीडी४ शरीराची ताकद किती उरली ते सांगते. औषध लागू पडते आहे की नाही हे विषाणूंची संख्या मोजूनच कळते, आणि ती तपासणी सहाव्या महिन्यात केंद्रातच होणार होती. पण आमच्या माणसाची झोप उडाली होती, ती पंधराशे रुपयांत परत मिळत असेल तर स्वस्त, असा हिशेब करून आम्ही पंधरा दिवसांनी पहाटेची बस धरून बेळगाव गाठले. मुख्य शाखा चांगलीच निराळी निघाली. टोकन क्रमांकाने बोलावतात, नाव किंवा तपासणी पुकारत नाहीत. रक्त आत, पडद्याआड घेतात. नऊ वाजता घेतलेली नळी एका साध्या रॅकमध्ये उभी ठेवलेली मी पाहिली, बर्फ नाही, काही नाही. तंत्रज्ञ बाईंनी माझ्या चौकशीला कंटाळा न करता मराठीत उत्तरे दिली, आणि एक गोष्ट त्यांनीच सुचवली : सीडी४ दिवसभर एकसारखे राहत नाही, दुपारच्या सुमारास ते कमी असते आणि संध्याकाळी चढते, शिवाय ताप, सर्दी किंवा स्टेरॉइडची गोळी यांनीही ते हलते, म्हणून दर वेळी एकाच ठिकाणी, साधारण एकाच वेळेला रक्त द्यावे. आमची पहिली नळी ऐन दुपारची होती. त्याच संध्याकाळी अहवाल आला. आकडा ३४१, टक्केवारी १९. लिम्फोसाइट १७९५.

हा सगळा फरक बर्फाने केला असा आरोप मी करत नाही. थोडा वेळेचा, थोडा रविवारचा, थोडा शरीराचा स्वतःचा असणार. टक्केवारी १८ वरून १९ झाली याचा अर्थ पंधरा दिवसांत त्या माणसाच्या अंगात काही चमत्कार घडला नव्हता. पहिल्या दिवशीही तो तेवढाच सुधारलेला होता. आमच्यापर्यंत पोहोचली ती चुकीची बातमी होती, आणि ती चांगल्या यंत्रातून, सुबक छापून आली होती.

तेव्हा माझे मत असे. बेळगावची मुख्य शाखा विश्वासाने जावे अशी आहे. दर खासगीच्या मानाने रास्त आहे आणि वागणूक सभ्य आहे. निपाणीच्या केंद्रात साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड खुशाल तपासून घ्यावे, रक्त घेणारी मुलगी उत्तम आहे. सीडी४ मात्र तेथे देऊ नये, निदान शनिवारी तर नाहीच. कागलपलीकडे कोल्हापूर आम्हाला बेळगावहून जवळ, त्यामुळे निपाणीकरांनी तिकडेही चौकशी करायला हरकत नाही. प्रश्न तेच विचारावेत. आणि ज्यांची नोंदणी सरकारी केंद्रात आहे त्यांनी तेथील तारखेची वाट पाहावी, कारण तेथे हीच मोजणी पैसे न घेता होते आणि अहवाल हातात देणारा माणूस त्याचा अर्थही सांगतो. रांगेची धास्ती वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तेथे नाव न सांगता बोलता येते.

बर्फाविषयी आणि पत्रकाविषयी मी बेळगावच्या व्यवस्थापकांना लेखी कळवले. उत्तर आले नाही. मागच्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या साखरेसाठी निपाणीच्या केंद्रात गेलो तेव्हा थर्माकोलच्या खोक्याशेजारी पुठ्ठ्याचे दुसरे खोके ठेवलेले दिसले. त्यावर निळ्या पेनने कन्नडमध्ये आणि त्याखाली मराठीत लिहिले होते, ‘यात बर्फ घालू नये’. अक्षर माझ्या विद्यार्थ्याचे होते, ऱ्हस्वदीर्घासह बिनचूक. माहितीपत्रकाचा गठ्ठा मात्र काउंटरवर तसाच होता, आणि माझी पावती देताना त्याने माझी साखर सगळ्या खोलीला ऐकवली.